दोन अ‍ॅम्प एका सबवर कसे चालवायचे

गाडीत दुसरा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) बसवायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात चित्र एकच असतं. दोन्ही अ‍ॅम्पच्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी एकत्र पिळायच्या, सबला (सबवूफरला, म्हणजे फक्त खोल, जाड आवाज वाजवणाऱ्या स्पीकरला) लावायच्या, की पाचशे आणि पाचशे मिळून झाले हजार वॉट. कागदावर बेरीज बरोबर आहे. गाडीत मात्र यातून धूर निघतो.

कारण सांगतो. चांगल्या अ‍ॅम्पच्या आऊटपुटचा स्वतःचा रोध नगण्य असतो, ओमच्या शंभराव्या भागात मोजावा इतका. दोन अ‍ॅम्प एकाच मॉडेलचे असले तरी त्यांचे आऊटपुट क्षणाक्षणाला तंतोतंत सारखे नसतात. समजा फरक फक्त १ व्होल्टचा पडला आणि दोन्ही अ‍ॅम्प मिळून, मधल्या वायरींसकट, रोध ०.०५ ओम आहे. १ भागिले ०.०५, म्हणजे २० अँपिअर. हा करंट सबकडे जातच नाही, एका अ‍ॅम्पमधून निघून दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये घुसतो. आणि गाणं चालू असताना फरक एका व्होल्टवर थांबेल याची कुणी हमी देत नाही. नशीब बरं असेल तर प्रोटेक्टचा (अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा) लाल दिवा लागतो, नसेल तर आऊटपुटचे मॉसफेट, म्हणजे तेच ट्रान्झिस्टर, जळतात.

म्हणून मी एकच नियम धरून चालतो: दोन अ‍ॅम्प एकत्र येतात ते सिग्नल घेताना. ताकद देताना प्रत्येकाला आपापली कॉइल (सबचा पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) हवी. याला एक अपवाद आहे, स्ट्रॅपिंगचा. त्याबद्दल पुढे बोलू, कारण तो सगळ्यांच्या कामाचा नाही.

आधी बघा, दुसरा अ‍ॅम्प लागतोय का

ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबल वाढतो. कळतो, पण 'बापरे' म्हणावं इतका नाही. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, पण बॉनेट उघडण्याआधी पडलेला बरा.

त्यामुळे मी पहिल्यांदा सबचं खोकं उलटून टर्मिनल बघतो. आजकालच्या पुष्कळ सबना दोन कॉइल असतात, त्याला ड्युअल व्हॉइस कॉइल म्हणतात. एकेक कॉइल ४ ओमची असेल तर त्या एकामागून एक, सिरीजमध्ये जोडल्या की अ‍ॅम्पला ८ ओम दिसतात. समांतर जोडल्या की २ ओम. मोनो अ‍ॅम्पची ताकद ओमप्रमाणे बदलते, आणि २ ओमला ५०० वॉट देणारा अ‍ॅम्प ८ ओमला दीडशेच्या आसपास घुटमळतो. अशा गाडीत दोन इंच वायर इकडची तिकडे केली तरी काम होतं. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात 'किमान २ ओम' असं लिहिलेलं असायला हवं, एवढीच अट.

खरी गरज कुठे पडते तेही बघू. पुढचं सगळं मी याच उदाहरणावर सांगणार आहे, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. सब १२ इंची, दोन कॉइलचा, प्रत्येक कॉइल २ ओम, सबची क्षमता १००० वॉट आरएमएस (म्हणजे सतत पेलता किंवा देता येणारी ताकद). अ‍ॅम्प मोनो (एकाच चॅनेलचा), क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा), ४ ओमला ३०० आणि २ ओमला ५०० वॉट आरएमएस देणारा, आणि २ ओमच्या खाली न चालणारा. आता कॉइल समांतर जोडल्या तर १ ओम होतो, अ‍ॅम्पला झेपत नाही. सिरीजमध्ये जोडल्या तर ४ ओम, ३०० वॉटवर समाधान. मधला रस्ता एका अ‍ॅम्पने निघतच नाही. इथे दुसरा तसाच अ‍ॅम्प आणून प्रत्येकाला एकेक कॉइल दिली की प्रत्येकाला २ ओम दिसतात आणि एकूण १००० वॉट मिळतात. ३०० वरून १००० म्हणजे ५.२ डेसिबल. ही वाढ पैसे खर्च करण्याजोगी आहे.

याउलट तुमचा अ‍ॅम्प १ ओमला ९०० वॉट देणारा असेल, तर दोन कॉइल समांतर जोडून तो एकटाच ९०० देईल. दुसऱ्या अ‍ॅम्पने मिळणारे वरचे शंभर वॉट कुणालाही ऐकू येणार नाहीत. दुसरा अ‍ॅम्प परत करा, असं मी सरळ सांगतो. त्याच पैशात तसाच दुसरा सब आणि त्याचं खोकं आलं तर पडद्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, आणि त्याचा फायदा ताकदीच्या हिशेबापलीकडे मिळतो.

आणि हो, आरएमएसचेच आकडे बघा. अ‍ॅम्पच्या पॅकिंगच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' किंवा 'पीक' आकडा हिशेबात धरायचा नाही. शंका आली तर अ‍ॅम्पवरचे फ्यूज बघा. दोन ३० चे फ्यूज असलेला क्लास डी अ‍ॅम्प ६० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ८२८ वॉट आत घेतो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर साडेसहाशेच्या वर तो सतत देऊ शकत नाही, खोक्यावर तीन हजार लिहिलेलं असलं तरी.

करंट कुठून आणणार

१००० वॉट बाहेर हवे असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेने आत १२५० वॉट द्यावे लागतात. १३.८ व्होल्टला ते ९० अँपिअर होतात. जुन्या धाटणीचा क्लास एबी अ‍ॅम्प असेल तर कार्यक्षमता ५० ते ६० टक्क्यांच्या घरात येते आणि आकडा १२० च्या पुढे जातो. गाण्यात पूर्ण ताकद सतत लागत नाही हे खरं. सरासरी करंट साधारण एक तृतीयांशावर येतो. पण ठोका पडतो तेव्हा पूर्ण ९० लागतात, आणि नेमका तेव्हाच हेडलाइटचा उजेड मिचकावतो.

तुमच्या अल्टरनेटरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. छोट्या गाडीत तो ७० ते ९० चा असू शकतो, आणि त्यातला मोठा वाटा इंजिन, दिवे, पंखा, एसीचा ब्लोअर खातात. शिवाय तो आकडा वरच्या आरपीएमचा असतो. सिग्नलला उभ्या गाडीत अल्टरनेटर त्याहून बराच कमी देतो. त्यामुळे दुसरा अ‍ॅम्प लावण्याआधी मी तीन वायरी बदलायला सांगतो: अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत. कंपनीच्या वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला जाड वायर टाकायची. अल्टरनेटरकडच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. एवढ्यावर भागलं नाही तर पुढचा विचार मोठ्या अल्टरनेटरचा. कपॅसिटर लावून प्रश्न सुटेल असं मला कधीच पटलेलं नाही. तो क्षणभराचा धक्का सोसतो, करंट तयार करत नाही.

आता मुख्य वायर. बॅटरी पुढे, अ‍ॅम्प डिक्कीत, वायर साधारण ५ मीटर. २१ वर्ग मिलिमीटरची, म्हणजे ज्याला चार गेज म्हणतात ती अस्सल तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध ०.००४१ ओम येतो. ९० अँपिअरला ०.३७ व्होल्ट वाटेतच गेले. ३५ वर्ग मिलिमीटरची घेतली तर हाच आकडा ०.२२ वर येतो. मी ३५ च वापरतो. चार गेजच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घेतली, तर त्याच जाडीत तिचा रोध दीडपटीच्याही थोडा वर जातो, म्हणजे वाटेतच ०.६ व्होल्टच्या आसपास गेले. ओळखायची कशी? टोक कापून तारा चाकूने खरवडा. आत पांढरट दिसलं की अ‍ॅल्युमिनियम. हातात घेतल्यावर जाडीच्या मानाने हलकीही लागते. आणि तांब्याच्या वायरीतही कव्हर जाड, आत तारा चिमूटभर, असला माल असतो. बाहेरची जाडी बघू नका, टोकाकडून बघा.

जोडणी

सुरुवात बॅटरीचा निगेटिव्ह काढून. बॅटरीच्या निगेटिव्हला काळा चौकोनी सेन्सर लागलेला असेल (इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत असतो), तर तुमची कुठलीही अर्थ वायर (अर्थिंगची, बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) थेट टर्मिनलला लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावा, नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबलला हात लावायचा नाही, आणि १२ व्होल्टच्या बाजूलाही असा भार टाकण्याआधी गाडीचं मॅन्युअल वाचायचं.

पॉझिटिव्हचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली गेली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि मधला फ्यूज हाच काय तो आधार. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्या उदाहरणाला १०० अँपिअरचा एएनएल (बोल्टने आवळायचा मोठा) फ्यूज बसतो. डिक्कीत फ्यूज असलेला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, त्यात एक जाड वायर आत आणि दोन बाहेर, प्रत्येक अ‍ॅम्पला ५० अँपिअरच्या फ्यूजमधून. एका अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरून पुढे दुसऱ्या अ‍ॅम्पला वायर खेचायची सवय सोडा. पहिल्याच्या स्क्रूवर दोघांचा करंट येतो आणि तोच स्क्रू तापतो.

अर्थकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. दोन्ही अ‍ॅम्पची अर्थ वायर पॉझिटिव्हइतकीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत, आणि दोन्ही एकाच जागी. जागा निवडताना जाड पत्रा बघा. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका, सुरक्षेच्या बोल्टला आपण हात लावत नाही. नव्याने भोक पाडताना खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे गाडीखाली वाकून बघा. मग रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, वायरच्या टोकाला लग (भोक असलेली धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशरने आवळायचा, आणि वरून रंग किंवा ग्रीसचा हात मारायचा, म्हणजे गंज धरत नाही. दोन अ‍ॅम्पची अर्थ दोन टोकांना लावली की त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक राहतो, तो आरसीएच्या (हेड युनिटकडून, म्हणजे गाडीच्या स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या) वायरीतून फिरतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. मग लोक महागडे नॉइज फिल्टर आणतात.

रिमोटची वायर (स्टिरिओ चालू होताच अ‍ॅम्पलाही चालू करणारी) बारीक असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. हेड युनिटची रिमोट तार काही शे मिलिअँपिअरच देऊ शकते. एक अ‍ॅम्प त्यात सुखाने चालू होतो, दोन अ‍ॅम्प आणि त्यांचे पंखे झाले की ती हेड युनिटच्या आतून जळते, आणि दुरुस्तीला पूर्ण हेड युनिट उघडावं लागतं. एक साधा चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा. हेड युनिटची रिमोट ८६ नंबरच्या पिनला, ८५ बॉडीला, ३० ला डिस्ट्रिब्युशन ब्लॉकवरून २ अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट, आणि ८७ वरून दोन्ही अ‍ॅम्पच्या रिमोटला. यात आणखी एक फायदा आहे: दोन्ही अ‍ॅम्प एकाच क्षणी जागे होतात. डायोड आत असलेला रिले मिळाला तर तोच घ्या. मात्र त्यात ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही.

सिग्नल. हेड युनिटच्या सबच्या आरसीएवरून एक वाय केबल, त्याची दोन टोकं दोन अ‍ॅम्पना. 'वाय केबलने सिग्नल अर्धा होतो' हे मी इतक्यांदा ऐकलंय! अ‍ॅम्पचा इनपुट रोध दहा हजार ओमच्या आसपास किंवा वर असतो, हेड युनिटच्या आऊटपुटचा काही शे ओम. दोन अ‍ॅम्प लावल्याने पडणारा फरक कानाला कळत नाही. पहिल्या अ‍ॅम्पवर 'लाइन आऊट' असेल तर तिथून दुसऱ्याला नेलं तरी चालेल, पण आधी एक गोष्ट तपासा: तो आऊटपुट अ‍ॅम्पच्या फिल्टरच्या आधीचा आहे की नंतरचा. नंतरचा असेल तर दुसऱ्या अ‍ॅम्पमध्ये सिग्नल दोनदा गाळला जातो आणि दोन कॉइलना वेगवेगळं काहीतरी मिळतं. मला वाय केबलच बरी वाटते. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून आरसीए सिग्नल काढणारा एकच कन्व्हर्टर लावून, त्याच्या पुढे वाय. स्टिरिओच्या स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावायची नाही. ती अर्थ नसते, तिच्यावरही सिग्नल असतो.

पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. एवढंच.

दोन कॉइल, दोन अ‍ॅम्प: इथे घाई नको

पहिल्या अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला. दुसऱ्याचं तसंच. दोन कॉइलच्या मध्ये एकही वायर राहू द्यायची नाही. सबवर आधीपासून पितळी पट्टी किंवा छोटी जोडवायर असेल तर ती काढा. मग मल्टिमीटर ओमवर ठेवून, अ‍ॅम्प न लावता, एका कॉइलचं एक टोक आणि दुसऱ्या कॉइलचं एक टोक असं तपासा. काहीही आकडा आला नाही पाहिजे. प्रत्येक कॉइल मात्र २ ओमच्या थोडी खालीच दाखवेल, १.७, १.८ असं काहीतरी. हे बरोबर आहे, कारण मीटर डीसी रोध मोजतो.

आता पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहेत का. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याचा प्लस कॉइलच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही कॉइलला, अ‍ॅम्पच्या बाजूच्या टोकापासून तपासा, म्हणजे वाटेतली वायर उलटी झाली असेल तर तीही पकडली जाते.

हे तपासणं टाळून चालत नाही, कारण एक कॉइल उलटी असली की एकजण गाडी पुढून ढकलतोय आणि दुसरा मागून, अशी गत होते. पडदा जवळजवळ हलत नाही. आवाज नाही म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो. दोन्ही अ‍ॅम्प तर पूर्ण ताकद देतातच. ती सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते, आणि पडदा हलत नसल्याने आत हवाही खेळत नाही. आवाजाशिवाय करपट वास येणारा सब दिसला की मी आधी हेच बघतो.

अ‍ॅम्पवरचे सगळे कान (फिरवायची बटणं) दोन्हीकडे सारखे पिळायचे. लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, दोन्हीवर. सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) फिल्टर असेल तर दोन्हीवर एकाच जागी. बास बूस्ट शून्य, फेज शून्य. स्क्रूड्रायव्हरच्या खाचेवरून अंदाज चुकतो, म्हणून हेड युनिटला फिल्टर असेल तर मी तिथला लावतो आणि अ‍ॅम्पवरचे पूर्ण उघडे सोडतो. एकाच फिल्टरमधून गेलेला सिग्नल दोघांना मिळतो, भांडण मिटलं. दोन वेगळ्या मॉडेलचे अ‍ॅम्प एका सबच्या दोन कॉइलवर चालवू नका, हे मी याचसाठी सांगतो: एकाचा फिल्टर १२ डेसिबलच्या उताराचा, दुसऱ्याचा २४ च्या असला की फेज सरकते, म्हणजे दोघांच्या लहरी एका ठेक्यात राहत नाहीत, आणि एखाद्यात डिजिटल प्रोसेसर असला की सिग्नल उशिरा पोचतो. घरात पडलेला वेगळा अ‍ॅम्प वापरायचाच असेल तर त्याला दारांचे स्पीकर द्या, हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० ला लावून. तिथे तो छान राबेल.

गेन

गेन म्हणजे व्हॉल्यूमचा कान नव्हे. हेड युनिटच्या सिग्नलला अ‍ॅम्पशी जुळवून घेण्याची ती सोय आहे. दोन अ‍ॅम्प असताना तो नुसता ऐकून लावता येत नाही, मीटरनेच लावायचा.

सूत्र सोपं: व्होल्टेज म्हणजे वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. प्रत्येक अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर ३१.६ व्होल्ट एसी यायला हवेत.

सबच्या वायरी काढून ठेवा. दोन्ही गेन पूर्ण खाली. हेड युनिटचे बास, ट्रेबल, लाउडनेस सगळे शून्यावर. इंजिन चालू करा, पण उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये धुराचा वायू जीव घेतो. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलला (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीला) रेकॉर्ड केलेला सूर लावा आणि व्हॉल्यूम पूर्ण आवाजाच्या तीन-चतुर्थांशावर न्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून पहिल्या अ‍ॅम्पचा गेन हळूहळू वाढवा, ३१.६ ला थांबा. व्हॉल्यूमला हात न लावता दुसऱ्याचंही तेच. दोघांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत बसवा. दोन्हींवर कान एकाच कोनात आलेत का, हे बघत बसू नका; आतल्या भागांत फरक असतो, कोन वेगळा येणारच.

अर्ध्या व्होल्टसाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. एक अ‍ॅम्प ३१.६ ला आणि दुसरा २५ ला राहिला तर पहिला ५०० वॉट देतो आणि दुसरा ३१२. सब दणकत राहतो, तुम्हाला काही कळत नाही, आणि एकच कॉइल कायम जास्त तापते.

काही जण −५ डेसिबलचा सूर वापरतात. त्याने गेन जास्त उघडतो, जुन्या, हलक्या रेकॉर्डिंगला बरं पडतं. पण आजच्या भरगच्च रेकॉर्डिंगमध्ये शिखरं कापली जातात. सब मात्र याच क्लिपिंगने मरतात, कारण कापलेल्या लहरीत सरासरी ताकद वाढलेली असते. ऑसिलोस्कोप मिळाला तर लहरीचं टोक सपाट होताना डोळ्यांनी दिसतं, आणि मीटरपेक्षा तो भरवशाचा.

पहिल्यांदा चालू करताना

सूर बंद, व्हॉल्यूम शून्य, सब जोडा, नेहमीचं गाणं लावा. आधी एकच अ‍ॅम्प जोडून ऐका, मग दुसऱ्याची वायर लावा. दुसरा लागल्यावर आवाज स्पष्ट वाढला पाहिजे. कमी झाला तर एक कॉइल उलटी आहे, लगेच बंद करा.

आवाज वाढवून ठोक्याच्या वेळी दोन मोजमापं घ्या. एक, अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ टर्मिनलमध्ये किती व्होल्ट येतात. इंजिन चालू असताना साडेबाराच्या खाली जायला नकोत. दुसरं मोजमाप फारसं कुणी घेत नाही: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला. लांब तार लागेल, कुठलीही बारीक वायर चालते. इथे ०.१ व्होल्टच्या जवळपास आकडा असावा. ०.५ दिसला तर बॉडीची जागा, लग किंवा बॅटरीची अर्थ वायर, यांपैकी काहीतरी सैल आहे. पॉझिटिव्ह वायर आणखी जाड करून हा प्रश्न सुटणार नाही.

एकच अ‍ॅम्प सारखा प्रोटेक्टला जातोय? दोघांच्या सबकडे जाणाऱ्या वायरी आपसात बदला. दोष वायरीबरोबर दुसऱ्या अ‍ॅम्पवर गेला तर कॉइल किंवा वायर बघा. त्याच अ‍ॅम्पवर राहिला तर अ‍ॅम्प किंवा त्याचा पुरवठा. इंजिनबरोबर चढणारी शिट्टी आली तर दोन्ही अ‍ॅम्पच्या आरसीए काढा. शिट्टी गेली तर दोष आरसीए किंवा हेड युनिटच्या अर्थमध्ये, नाही गेली तर अ‍ॅम्पच्या पुरवठ्यात.

स्ट्रॅपिंग

काही मोनो अ‍ॅम्प जोडीने चालण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांच्यावर 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' असं बटण असतं, 'स्ट्रॅप' किंवा 'लिंक' नावाचा पोर्ट असतो, आणि मॅन्युअलमध्ये जोडणीची आकृती असते. यात दुसरा अ‍ॅम्प पहिल्याचाच सिग्नल उलट्या फेजमध्ये वाजवतो. दोघांचे मायनस एकमेकांना एका जाड वायरने जोडायचे, सबचा प्लस मास्टरच्या प्लसला, सबचा मायनस स्लेव्हच्या प्लसला. दोघांची व्होल्टेज एकावर एक चढतात: ३१.६ आणि ३१.६ मिळून ६३.२. चार ओमच्या एका कॉइलवर त्याचे १००० वॉट होतात. एकच कॉइल असलेल्या सबवर दोन अ‍ॅम्प चालवायचा हा एकमेव रस्ता.

पण सबचे ओम दोघांत निम्मे वाटले जातात. ४ ओमचा सब प्रत्येक अ‍ॅम्पला २ ओमचा दिसतो, २ ओमचा सब १ ओमचा. आपल्या उदाहरणातल्या अ‍ॅम्पला २ ओमच्या सबवर स्ट्रॅप केलं तर तो मरेल. आणि ज्या अ‍ॅम्पच्या मॅन्युअलमध्ये स्ट्रॅपिंगचा उल्लेखच नाही, तिथे हा प्रयोग करू नका. बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पच्या मायनस टर्मिनलवर अर्थ नसतो, तिथेही अर्धा सिग्नल चाललेला असतो. असे दोन मायनस जोडले की आपण पहिल्याच परिच्छेदातल्या धुरावर येऊन पोचतो. इंटरनेटवरच्या व्हिडिओत कुणाचं तरी चाललं, एवढ्यावर विसंबू नका. त्याचा अ‍ॅम्प आतून कसा आहे ते तुम्हाला दिसत नाही.

स्ट्रॅप केल्यावर स्लेव्हचे फिल्टर आणि गेन बहुधा बाद होतात, सगळं मास्टरवरून चालतं. तरी दोघांचं आऊटपुट वेगवेगळं मोजून बघा, मीटरची एक तार त्या-त्या अ‍ॅम्पच्या मायनसला ठेवून.

जोडणी कुठलीही असो, पहिल्या आठवड्यानंतर डिक्की उघडून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. जाड वायरच्या तारा दाबाखाली बसतात आणि सुरुवातीला घट्ट वाटलेलं टर्मिनल पाव फेरा सैल निघतं. तासभर गाणी वाजवून झाल्यावर संगीत बंद करून फ्यूजचा होल्डर, ब्लॉक आणि अर्थचा बोल्ट यांच्यावर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. जिथे हात ठेवता येत नाही, तो सांधा उघडून नव्याने क्रिम्प करा.